आधी कोण जेवणार

माझी लेक फौजेतून कायमची घरी आली तेव्हा आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधल्या बायकांना वाटलं, आता हिचं लग्न काढणार. मी म्हटलं, लग्नाचं तिचं ती बघेल, आधी तिला इथलं पाणी मानवू दे.

फौजेत बंदूकवाले असतात तसे रस्ते आणि पूल बांधणारेही असतात. ती त्यांच्यातली अधिकारी. नदीवर काही तासांत लोखंडी पूल टाकायचा, गाड्या पार झाल्या की तोच पूल उचलून पुढं न्यायचा, असलं काम. दहा वर्षांची नोकरी होती, ती संपली. वाढवून घेणार का म्हणून विचारलं होतं म्हणे, तर ही नको म्हणाली. का, ते मला धड सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. तिचे वडील गेल्यापासून मी एकटीच राहत होते ना. कारण मीच निघाले तर काय बोलायचं, ही धास्ती.

ती आली आणि पहिलं भांडण झालं ते जेवणावरून. मी कोकणातल्या घरात वाढलेली, सगळ्यांची पानं झाली की मग आपलं पान घ्यायचं, हे अंगात मुरलेलं. मी तिचं ताट वाढलं. ती हात बांधून उभी.

"बस ना गं बाय." आमच्याकडे मुलीला बाय म्हणतात.

"तू बस आधी."

"मी मागाहून बसते."

"आई, मी मागाहून बसते. आमच्यात अधिकारी शेवटी जेवतो. जवानांची रांग संपली, कुणाला कमी पडलं नाही ना बघितलं, की मग आपण."

"मी काय तुझी जवान आहे?"

"या घरात दुसरं आहे कोण?"

दोघी हट्टी. बांगड्याचं कालवण गार होऊन वर तेल धरलं तरी कोणी बसेना. शेवटी दोघींनी एकदमच पाटावर बसायचं असं ठरलं. त्यातही ती पहिला घास माझ्या तोंडाकडे बघून घ्यायची.

नोकरी लागली ती एका लहान ठेकेदाराकडे, कामावर देखरेखीची. घाटकोपरला नाल्यावर पायी जायचा पूल करायचा होता, दोन्ही बाजूंनी भिंतींचं कामही होतं. शेठनं सांगितलं, तीन महिने बघू, जमलं तर पुढं. मला आनंद झाला. बस पकडली की पोचली, संध्याकाळी घरी. मी रोज डबा द्यायची. भाकरी, एक सुकी भाजी, कधी सोडे घालून वांगं.

पहिले काही दिवस ती खुशीत. "आई, माझे लोक बघितलेस तर थक्क होशील. दोन वाजले तरी हात थांबत नाही. मुकादमाला मी सांगते, जेवून घ्या. तो म्हणतो, हो मॅडम, एवढं उरकतो. असे लोक मी फौजेत पण कमी पाहिले."

मी म्हटलं, चांगलंच आहे. फक्त डबा तसाच परत यायचा. कधी वास आलेला. विचारलं तर म्हणायची, वेळ नाही झाला.

मग हळूहळू चेहरा उतरत गेला. माणसं कमी होऊ लागली होती. आज दोघं आले नाहीत, उद्या आणखी एक. समजलं ते असं, की पलीकडच्या गल्लीत टॉवरचं काम चालू होतं, तिकडं जात होते. मजुरी तीच. मग जातात का? मुकादमाला विचारलं तर तो म्हणे, गावाला गेले मॅडम. शेठनं तिला ऑफिसात बोलावून सांगितलं, "मॅडम, हे बॉर्डर नाय. इकडे लोकांना सांभाळून घ्यावं लागतं. तुमचा त्रास होतोय त्यांना."

हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती कांदा चिरत होती. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं की कशाचं, देव जाणे. म्हणाली, "मी एकदा आवाज चढवला नाही आई. कुणाला शिवी नाही, काही नाही. माझा त्रास कसला?"

त्याच आठवड्यात तिच्या जुन्या सिनियरचा फोन आला. तो निवृत्त होऊन अरुणाचलात एका रस्त्याच्या कंपनीत लागला होता. म्हणाला, ये इकडे, जागा आहे. बाय गॅलरीत उभी राहून बोलत होती, मला सगळं ऐकू येत होतं. "यस सर, विचार करते सर." आत येऊन मला म्हणाली, "तिकडे सगळे आपलेच लोक आहेत."

आपलेच. मी पोळपाट धुवायला घेतला, धुतलेलाच होता. महिना संपेपर्यंत तिला कळवायचं होतं. जाऊ नको म्हणायला जीभ वळवळत होती, पण जिला दहा वर्षं जाऊ दिलं तिला आता कुठल्या तोंडानं अडवायचं? आणि इकडे तिचं काम असं फिसकटत चाललेलं. इथं हरून राहण्यापेक्षा तिकडे सुखात राहिलेली बरी, हेही कळत होतं.

घाटकोपरला माझे डोळ्यांचे डॉक्टर आहेत. एका दुपारी त्यांच्याकडून निघाले, तर वाटलं, इतक्या जवळ आलोय तर लेकीचा पूल बघून जावं. वाटेत चार केळी घेतली. विचारत विचारत नाल्यापाशी पोचले तर दीड वाजून गेलेला. ऊन मी म्हणत होतं. बाय डोक्यावर पिवळी टोपी घालून काठावर उभी, हात मागे बांधलेले. समोर माणसं काम करत होती, पण कशी? घमेलं उचललं तर खाली ठेवायलाच विसरल्यासारखी. मुकादम मध्येच तिच्याकडे बघायचा, मग घड्याळाकडे.

मी सावलीला पाण्याच्या पिंपाजवळ टेकले. एक बाई पाणी प्यायला आली. जालन्याकडची होती, तिच्या बोलण्यावरून कळलंच. मला कुठं गप्प बसवतंय.

"जेवलीस का गं?"

"कुठलं जेवण मावशी. ती मॅडम हालंल तवा."

"ती काय करते तुम्हाला?"

"काय नाय करत. उभी राहती." ती पदरानं तोंड पुसत म्हणाली. "आदी एक सायेब हुता, तो एक वाजला की गाडीत एशी लावून जेवाय बसायचा. तो गाडीत गेला की आमची सुट्टी. आता ही बया जेवतबी नाय आन् जातबी नाय. सायबासमोर भाकर सोडून बसलं की मुकादम खाडा मांडतुय. कसं बसावं?"

"पण ती सांगते ना, जेवून घ्या म्हणून?"

"तसं समदेच म्हणत्यात. टोमणा आसतुय तो."

मला हसू आवरेना. त्या बाईला वाटलं असणार, म्हातारीला ऊन लागलं बहुतेक. अगं, माझ्या स्वयंपाकघरातला तमाशा इथं नाल्यावर चालला होता. ही त्यांच्यासाठी थांबलेली, ते हिच्यासाठी. उपाशी पोटानं दोन्हीकडून मान राखणं चाललं होतं. पळून जाणार नाहीत तर काय करतील?

मी तडक बायकडे गेले. ती दचकली. "आई? तू इथं कशी?"

"तुझा डबा कुठाय?"

"आहे आत. लोकांचं झालं की..."

"लोकांचं होणार नाही. तू जेवल्याशिवाय त्यांची सुट्टी होत नाही इथं. ते तुझी वाट बघतायत गं."

तिनं डोक्यावरची टोपी काढली. मग मुकादमाकडे वळली. "खरं आहे हे?"

मुकादम पायानं खडी सारखी करत बसला. "आता मॅडम, तुम्ही उभ्या, तर आम्ही कसं..."

"मग सांगायचं ना मला."

"सांगणार कसं? वाटलं, चेक करताय आम्हाला."

बायनं डबा आणला. प्लायवुडच्या थप्पीवर बसली, झाकण उघडलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि तिथंच अडली. मी ओळखते ना तिला. समोर सगळी माणसं उपाशी, आणि आपण खायचं. हात तोंडाकडे जाईना. मला हळूच म्हणाली, "आई, नाही उतरणार गं."

"उतरव. त्यांची भूक तुझ्या डब्यात अडकलीय."

तिनं घास घेतला. खरं सांगते, तो गिळेपर्यंत तिकडे फावडी टाकल्याचे आवाज आले. पिशव्या सुटल्या, फडकी सुटली. जालन्याची बाई माझ्याकडे बघून हसली. माझी केळी कुणी खाल्ली कोण जाणे, मला एकही मिळालं नाही.

रात्री बाय म्हणाली, "फौजेत ज्याला आपण मान म्हणतो तो इथं सासुरवास झाला." मी म्हटलं, "सासू आधी जेवते, एवढं तरी शिक."

दुसऱ्या दिवसापासून तिनं नियम केला. एक वाजला की मुकादमानं हाक द्यायची आणि सगळ्यांनी एकदम बसायचं, तीही. पहिले दोन-तीन दिवस लोक तिच्याकडे पाठ करून जेवले. मग कुणीतरी ठेचा पुढं केला. गेलेली माणसं परत आली नाहीत, उगाच कशाला खोटं सांगू. पण आणखी कोणी गेलं नाही, आणि मुकादमानं आपल्या गावाकडची नवी चार आणली. मुख्य म्हणजे तो आता खरं बोलायला लागला. मॅडम, हे उद्या होणार नाही, परवा होईल. हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं म्हणून बाय घरी येऊन चहात दोन चमचे साखर जास्त घालून प्यायली.

शेठ अजून कुरकुरतो. त्याला कामाचे फोटो वेळेवर हवे असतात आणि ही विसरते. पण तीन महिने झाल्यावर त्यानं भिंतीचं पुढचं कामही तिच्याकडे दिलं. अरुणाचलचा फोन तर तिनं त्याआधीच, महिना संपायच्या आत, माझ्यासमोर केला होता. म्हणाली, "सर, थँक यू. पण इथं माझी माणसं आहेत." माणसं कोणती, मी की नाल्यावरची, ते मी विचारलं नाही. दोन्ही असू देत.

रविवारी आम्ही तिच्या खोलीला पडदे आणायला स्टेशनजवळच्या बाजारात गेलो. दहा वर्षांत तिनं स्वतःसाठी कधी पडदा निवडला नव्हता, जिथं जाईल तिथं लागलेलाच असायचा. दुकानदारानं ढीगभर कापडं पसरली. तिनं बोट ठेवलं ते नेमकं शेवाळी हिरव्यावर.

"तंबूत झोपायचंय का तुला?" मी म्हटलं.

"मग तू सांग."

मी पिवळा दाखवला. ती नको म्हणाली. मी निळा दाखवला. तोही नको. दुकानदार चहा मागवू का म्हणाला, तेव्हा आम्ही दोघी स्टुलावर बसलो. कसलीच घाई नव्हती.