पोळ्याचं आवतन

भूतदयेवाली माणसं मला फारशी आवडत नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी चटकन येतं, हात मात्र जागचा हलत नाही. मीही काही मोठी प्राणिप्रेमी नाही. गल्लीतलं कुत्रं पायात आलं तर हाड म्हणते, आणि फारच मागे लागलं तर शिळी भाकरी टाकते. त्या बैलाशी माझं नातं असण्याचं काही कारण नव्हतं.

त्या दिवशी पोळा होता. मी हिंगोलीहून हदगावला मोठ्या बहिणीकडे निघाले होते. नवरा गेल्यापासून मी एकटीच प्रवास करते. पिशवीत पाण्याची बाटली, बहिणीच्या नातवंडांना खाऊ आणि घडी घातलेली एक साडी. कोणी ‘रहा आजचा दिवस’ म्हणालंच तर असावी म्हणून ती साडी असते. ती कधी बाहेर निघत नाही, पण पिशवीतून काढून ठेवायलाही माझा हात धजत नाही. आशा मोठी चिवट असते. आदल्या दिवशी बहिणीचा फोन आला होता, “उद्या पोळा हाय, जेवाया ये.” एवढं पुरलं मला.

वारंगा फाट्यावर गाडी बदलायची होती. सणामुळे गाड्यांचा पत्ता नव्हता. चहाच्या हॉटेलासमोर लिंबाचं झाड आहे, तिथे सावलीला जाऊन उभी राहिले, तर पलीकडे रस्त्यावर हा बैल. पांढरा, म्हातारा, बरगड्या दिसणारा. पुढचं एक ढोपर सोललेलं. गळ्यात दावं लोंबत होतं. ट्रक भोंगे वाजवत अंगावरून जायचे आणि तो मान खाली घालून तसाच उभा. हलायचं कुठे, हेच त्याला कळत नसावं.

मग त्याच्या खांद्यावर माझी नजर गेली. खांदा पिवळाजर्द होता. तुपात कालवलेली ताजी हळद.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले बैलाचे खांदे गरम पाण्याने शेकायचे, तूप-हळद चोळायची, आणि त्याच्या कानाशी जाऊन म्हणायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’ पाव्हण्याला द्यावं तसं रीतसर आमंत्रण. घरातलं शेंबडं पोरही ते मोठ्या गंभीरपणे म्हणतं. म्हणजे काल संध्याकाळी याचे खांदे कोणीतरी चोळले होते, याला जेवायला बोलावलं होतं, आणि सकाळी आणून फाट्यावर सोडलं होतं. माझं डोकं फिरलं ते तिथे. नुसता सोडला असता तर एवढा राग आला नसता.

हॉटेलवाल्याला विचारलं, तर तो भजी तळता तळता म्हणाला, “सकाळच्याला टेम्पोतून उतरवला कोणी. इथं रोजचंच हाय, मावशी. तुमी काहून जिवाला लावून घेऊन राहिल्या?”

“अहो, पोळा आहे आज.”

“मग? बैलाला ठाव हाय का पोळा?”

एक तरुण मोटारसायकलवरून उतरला. मला वाटलं, चला, एक तरी माणूस निघाला. त्याने खिशातून मोबाईल काढला, बैलाच्या गळ्यात हात टाकला, दात दाखवले, ‘सर्वांना बैलपोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा’ म्हणाला आणि निघून गेला. बैल त्याच्या मागे चार पावलं गेला बिचारा. हात लावणारा प्रत्येक माणूस त्याला आपला वाटत होता.

मी एका गोशाळेचा नंबर मिळवून फोन केला. पलीकडचा माणूस मोठ्या आदराने बोलला. म्हणाला, “ताई, तुमची भावना चांगली हाय. पण आमी फक्त गाईच घेतो. बैलाला जागा न्हाई.” मी म्हटलं, “गाईच्याच पोटचा आहे हो.” त्याला हसू आलं. मला नाही आलं.

शेवटी मीच दावं धरून त्याला कडेला आणला, लिंबाला बांधला आणि हॉटेलातून बादली मागून पाणी पाजलं. एका दमात बादली रिकामी केली त्याने. आता माझ्या डोक्यात एकच होतं. गाडी यायच्या आत याला कोणाच्या तरी हाती द्यायचं. कोणाच्याही, पण माणसाच्या.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा कळमनुरीच्या बाजूने एक म्हातारा जुन्या मोटारसायकलवर आला. धोतर, डोक्याला रुमाल, आणि पुढे टाकीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी. बैलाने त्याला लांबूनच ओळखलं. कान उभे केले आणि असा हंबरला की हॉटेलातली गिऱ्हाइकं बाहेर डोकावली. म्हाताऱ्याने गाडी लावली, फडकं सोडलं, “चल राजा, जेवाया चल,” म्हणाला. बैलाने दाव्याला हिसका दिला. फडक्यात पुरणपोळ्या होत्या, तूप लावलेल्या. म्हाताऱ्याने एकेक पोळी मोडून त्याला चारली. हाताला उरलेलं पुरण बैल चाटत राहिला.

“तुमचा का हो, बाबा?”

“व्हय माय.”

“चुकून आला का इतक्या लांब?”

 तो बैलाची मान खाजवत सांगायला लागला. गाव सिद्धेश्वर धरणाच्या कडेचं. जोडीतला दुसरा बैल उन्हाळ्यात गेला. लेकाने ट्रॅक्टर घेतला. “एकट्या बैलाला काय काम, माय? बाजारात याला कोणी इचारीना. एकदा औंढ्याला सोडून आलता पोरगा, तर हे बेनं दिवस मावळायच्या आत गोठ्यात हजर. म्हून या खेपंला लांब आणला.”

“पण आजच? सणाच्या दिवशी?”

“सून म्हणली, फुटकी जोड दारात पुजू न्हाई. मातीची जोडी आणलीया पूजंला.”

फुटकी जोड. शब्द मला चांगलाच लागला, पण तो माझ्यासाठी नव्हता, म्हणून गिळला.

“मग आता कशाला आलात?”

म्हाताऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच रीतभात नाही. “आवतन दिलतं न्हवं म्या काल. कानात सांगितलं, जेवाया ये म्हून. बोलवून उपाशी ठिवावं व्हय? पाप लागंल.”

एवढ्या लांब, दुखऱ्या कमरेने, फुटक्या गाडीवर हा माणूस दिलेला शब्द पाळायला आला होता. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझा जीव हलला. वाटलं, आता हा त्याला घेऊन जाणार. मी म्हटलं, “मी टेम्पो बघते. चार जणांना हात जोडते. न्या याला घरी. एक बैल खाऊन खाऊन किती खाणार आहे?”

“घर माझं राह्यलं न्हाई, माय. म्याच कोपऱ्यात निजतो.” त्याने फडकं झटकलं, घडी करून कमरेला खोचलं. मग हात जोडून म्हणाला, “एवढं एक काम करा. म्या त्या वळणापल्याड जाईस्तवर दावं धरून ठिवा. हिसका देईल तर गाठ सुटंल. मागं लागतंय ते.”

गरज सरो अन् वैद्य मरो, हे आयुष्यभर ऐकलं होतं. पण वैद्याला पोटभर जेवू घालून मग मारायचं, ही तऱ्हा नवी होती. मला त्या म्हाताऱ्याची कीव आली आणि त्याचा संतापही आला, आणि संताप जास्त होता. मी दावं हातात घेतलं. त्याने गाडीला किक मारली. बैलाने मान वर केली. गाडी रस्त्याला लागली तशी मी गाठ सोडली आणि दावं टाकून दिलं. मनात म्हटलं, ने आता याला, म्हाताऱ्या. देवासमोर शब्द पाळतोस ना, मग याच्या डोळ्यांसमोर पाळ.

बैल निघाला. लंगडत, पण काय धावला म्हणून सांगू! त्या वयात, त्या ढोपराने. वळणाच्या अलीकडे म्हाताऱ्याने मागे पाहिलं. गाडी थांबवली. मला वाटलं, जिंकले.

म्हातारा खाली उतरला, वाकला, रस्त्याच्या कडेची गिट्टी उचलली आणि मारली.

पहिला दगड बैलाच्या कपाळाला लागला. तो थांबला नाही. उलट मान खाली घालून पुढे गेला, खाजवून घ्यायला जातात तसा. दुसरा दगड ढोपरावर बसला तेव्हा थांबला. म्हातारा मोठमोठ्याने रडत होता आणि दगड मारत होता. ज्या हाताला अजून पुरणाचा वास असेल, त्याच हाताने. मग तो गाडीवर बसला आणि गेला. माझ्या रागाने बैलाच्या पदरात काय पडलं, तर दोन दगड.

मी जाऊन त्याला परत आणला. आला मुकाट्याने. पुन्हा लिंबाला बांधला, हॉटेलवाल्याला हात जोडून सांगितलं, “भाऊ, संध्याकाळपर्यंत नजर ठेवा. मी काहीतरी करते.” तो म्हणाला, “बघतो की.” हदगावची गाडी आली आणि मी चढले. बहिणीच्या घरी बैल आहेत, गोठा आहे. तिच्या मुलाला सांगून याची सोय लावू, असं ठरवून चढले.

बहिणीच्या दारात जोडी सजली होती. शिंगांना रंग, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग. ओवाळायची वेळ आली तशी मी आपणहून मागे भिंतीला टेकले. मला कोणी पुढे बोलावलं नाही. जेवताना मी भाच्याजवळ बैलाचा विषय काढला. भाचा म्हणाला, “मावशी, आमचेच दोन पुढल्या साली काढायचे हायत.” बहिणीने माझ्या पोळीवर तूप वाढलं, आणखी एक पोळी आग्रहाने वाढली, आणि प्रेमाने विचारलं, “तुझी वापस जायची गाडी कवा हाय गं? अंधार पडायच्या आत निघालेलं बराबर.”

मी ताट स्वच्छ केलं. बोलावलं होतं, जेवू घातलं होतं. कोणाचं काही चुकलं नव्हतं.

फाट्यावर उतरले तेव्हा दिवस मावळत होता. लिंबाखाली बैल नव्हता. शेण होतं आणि रिकामी बादली.

“अहो भाऊ, बैल?”

“नेला की. एक टेम्पो आलता.”

“कोणाचा? कुठे नेला?”

“म्या काय इचारलं न्हाई. सोय झाली म्हणा की, मावशी. तुमालाबी तेच पायजे व्हतं.” मग तो जवळ आला. स्वतःच्या हुशारीवर खूश होता. “चढतच न्हवता लेकाचा. चौघं ढकलून राहिले, काठीनं हाणलं, शेपूट पिळलं, तरी जागचा हालंना. मंग म्याच गेलो, अन् त्या म्हाताऱ्यावानी म्हणलं, चल राजा, जेवाया चल. गपगुमान चढला बगा.”

हिंगोलीची गाडी यायला वेळ होता. मी साडीची पिशवी मांडीवर घेऊन लिंबाखाली बसले. हॉटेलवाला चहा घेता का म्हणून विचारत होता. मी नको म्हटलं. सकाळी हिंगोलीला मीही तशीच गाडीत चढले होते.