चादर हलली का?

जहाजाला सगळे ‘अर्गिरो’ म्हणत, मी आपलं भंगार म्हणायचो. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या इंग्रजांची जहाजं पटापट बुडवत होत्या, तेव्हा इंग्लंडातल्या संडरलंडला घाईघाईनं ठोकून काढलेलं ते धूड. लढाई संपली आणि आमच्या ग्रीसमधल्या खिओस बेटावरच्या एका मालकानं ते विकत घेऊन त्याला आपल्या आईचं नाव दिलं. पुढं एकोणीस वर्षं ते काळ्या समुद्रातून धान्य वाहत राहिलं आणि पांडेलिस त्याच्या भट्टीत कोळसा मारत राहिला.

बेटावरच्या आमच्या कार्दामिला गावाची रीतच आहे. गावासमोरून जाताना जहाजानं तीन भोंगे द्यायचे आणि ज्यांचा माणूस जहाजावर असेल त्या बायकांनी गच्चीवर येऊन पांढरी चादर हलवायची. पण पांडेलिस जहाजाच्या पोटात, आगीसमोर. त्याला ना गाव दिसे, ना बायको. मूलबाळ नाही; कलियोपी घरात एकटी, हा इथं एकटा. भोंगे झाले की खालून हाक यायची, “मिखाली! हलली का रे चादर?”

मी डेकवरचा खलाशी. वरून ओरडायचो, “हलली, काका! हात तुटेल आता काकूचा!”

“येडी आहे ती,” म्हणायचा आणि फावडं उचलायचा. अकरा वर्षं आमचं हे असंच चाललं.

त्या मार्चमध्ये धुकं इतकं की गावच दिसेना. कप्तानानं सवयीनं भोंगे दिले. खालून हाक आली. धुकं आहे म्हणून सांगायला मला मेल्याला काय झालं होतं? पण नाही. “हलली, काका, हलली!”

पिरेअस बंदराला लागलो तर धक्क्यावर कलियोपीचा भाऊ, दंडाला काळी पट्टी बांधून. तिला जाऊन सहा दिवस झाले होते. तार ओडेसाला, धान्य भरलं त्या बंदरात, पोचली ती आम्ही निघाल्यावर.

पांडेलिस रडला नाही. संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसला. “मिखाली, परवा गच्चीवर कोण होतं रे?”

“धुकं होतं, काका. चुकलो मी.”

“आणि त्याआधी?”

“त्याआधी दर वेळी बघितली! आईशपथ!”

“बरं, बरं,” तो म्हणाला. लहान पोराची समजूत काढतात ना, तसा. डेकवरचे चौघं साक्षीला आले, त्यांनाही तेच. वर माझ्याच पाठीवर हात फिरवला. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

जहाज अजून तीन वर्षं चाललं, मग इटलीत तोडायला गेलं. त्या तीन वर्षांत पांडेलिस भट्टीपुढंच होता, गावासमोर भोंगेही झाले, पण खालून हाक आली नाही. मी मात्र दर वेळी वाकून ऐकत राहायचो.

आणि काकू हलवायची हो! शेजारणी आत गेल्या तरी हलवत राहायची, आम्ही बेटाच्या टोकाआड जाईपर्यंत. मी या डोळ्यांनी पाहिलंय. ज्याच्यासाठी हलवायची, त्याला तेवढं पटवता आलं नाही मला.