गुरुजींच्या घड्याळातली दहा मिनिटं

कासीम गुरुजी कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो मोठ्यानं वाचायचे. शाळेत खिचडीचा तांदूळ यायचा, तेव्हा पोती उतरवून टेम्पोवाला पावती पुढं करायचा आणि गुरुजी ओळीखाली बोट धरून पहिल्या शब्दापासून सुरुवात करायचे. टेम्पोवाला वैतागायचा. "गुरुजी, करा की सही. तांदूळच हाय त्यो." गुरुजी चष्म्यावरून बघायचे. "तांदूळ हाय, कबूल. कागदावर काय हाय ते बघू दे. सही म्हंजे जबान हाय बाबा."

चौसाळ्यापासून चार कोसांवर आमचं गाव. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलं. 'माझा आवडता प्राणी' या निबंधात मी आमचं कुत्रं मारून टाकलं होतं. ते मेलं तेव्हा मी जेवलो नाही, असंही लिहिलं होतं. गुरुजींनी मला टेबलाजवळ बोलावलं. "कुत्रं कवा मेलं?" मी म्हणालो, "मेलं न्हाई." "मग कावून मारलंस?" "वाचायला चांगलं वाटतंय, गुरुजी." ते खळखळून हसले. "लिहिलंस झकास. पण त्या कुत्र्याला इचारलं का?" वर्ग हसला, मीही हसलो. त्यांनी दहापैकी नऊ गुण दिले.

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना मांजरसुंब्याच्या पलीकडच्या एका गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला ते केंद्राध्यक्ष होते. मतदान साडेपाचपर्यंत. सव्वापाचला ऊसतोडीला गेलेल्या माणसांचा ट्रक आला आणि पन्नासेक बायामाणसं रांगेला लागली. साडेपाचला गुरुजींनी फाटक लावून घेतलं आणि नियमाप्रमाणे रांगेतल्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत पुढं आले. ज्याच्या हातात चिठ्ठी, त्याचं मत होणार. अंधार पडेपर्यंत मतदान चाललं. एक पॅनेल अकरा मतांनी पडलं आणि त्यांनी तक्रार केली, की ट्रक साडेपाचनंतर आला, मास्तरानं मुद्दाम आत घेतला.

वर्षभर चौकशी चालली. गुरुजी तहसीलला खेटे घालत राहिले. शेवटी लेखी आदेश आला, की केंद्राध्यक्षांनी केलं ते बरोबर होतं. त्या आदेशाची झेरॉक्स त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती.

तोवर मी पुण्यात मालिका लिहायला लागलो होतो. एका निर्मात्याला गावच्या निवडणुकीवर वेबमालिका हवी होती. मी गुरुजींकडं आलो आणि तीन दिवस त्यांच्या ओट्यावर बसून सगळं ऐकलं. त्यांनी झेरॉक्स दिली, ट्रक कुठं थांबला ते अंगणात रेघा मारून दाखवलं. निघताना मी संमतीपत्र पुढं केलं. चार पानं होती. त्यांनी पेन मागितलं आणि थेट शेवटच्या पानावर सही केली.

"गुरुजी, वाचा की," मी म्हणालो.

"तुझं हाय ना? मग वाचायचं काय?"

निर्माता म्हणाला, "सगळं छान आहे, पण यात दोषी कोण?" तो एवढंच म्हणाला. पुढचं माझं. अर्ध्या तासात मी प्रसंग लिहिला: केंद्राध्यक्षाला एक फोन येतो, तो खोलीच्या कोपऱ्यात जातो आणि उशिरा आलेला ट्रक वेळेत बसावा म्हणून मनगटावरचं घड्याळ दहा मिनिटं मागं घेतो. नाव मी बदललं, गाव बदललं. पण ओळीखाली बोट धरून मोठ्यानं वाचणं तसंच ठेवलं, कारण नटाला ते फार आवडलं. चौकशीतून सुटल्याचा प्रसंग लांबी वाढते म्हणून मीच कापला.

घड्याळाचा तो तुकडा मोबाइलवर जिल्हाभर फिरला. आमच्या गावात तर गुरुजींना ओळखायला कुणाला वेळ लागला नाही. ते रस्त्यानं निघाले, की पारावरची टोळकी विचारायची, "गुरुजी, किती वाजले?" पहिले काही दिवस ते थांबून खरोखर वेळ सांगायचे. मग त्यांनी घड्याळ वापरणं सोडलं. मग पारावरून जाणंही सोडलं. हे मला त्यांच्या मुलीनं, नसरीननं, फोनवर सांगितलं. ती रागावली नव्हती. म्हणाली, "भैया, एकदा येऊन जा."

मी गेलो. गुरुजींच्या बायकोनं, चाचींनी, पाणी दिलं आणि त्या आत निघून गेल्या. गुरुजी म्हणाले, "बघितलं आमी. समदे भाग बघितले. लई भारी लिहितोस. त्यो घड्याळाचा सीन बघताना मलाच वाटलं, खरंच फिरवलं का काय मी."

मला त्यांचे पाय धरायचे होते. मी म्हणालो, "गुरुजी, ते तुम्ही नव्हता. ते पात्र काल्पनिक आहे. सुरुवातीला तशी पाटी येते."

"हां," ते म्हणाले. "वाचली मी पाटी. दोनदा वाचली."

मग ते म्हणाले, "एक काम कर. शेवटाला दोन ओळी टाक. चौकशीत मास्तर सुटला म्हणून. त्याला काय लांबी लागती?"

मी म्हणालो, "निर्मात्याशी बोलतो." मी बोललो नाही. मालिकेच्या दुसऱ्या पर्वाची बोलणी चालू होती आणि मला ते काम हवं होतं. त्यानंतर गुरुजींचे तीन फोन आले. पहिला मी उचलला आणि मीटिंगमध्ये आहे असं सांगितलं. उरलेले दोन उचलले नाहीत.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात ते आठ दिवस होते. नसरीनला मी रविवारी येतो असं कळवलं. शुक्रवारी ते गेले.

शाळेच्या पटांगणात शोकसभा होती. माजी विद्यार्थी म्हणून माझं नाव पुकारलं गेलं. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. घड्याळ कुणी फिरवलं नव्हतं, तो प्रसंग माझ्या मनाचा होता, आदेशाचा कागद माझ्याकडं होता आणि मी तो दडवला. मला वाटलं होतं, लोक चिडतील, कुणी अंगावर येईल. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं नुसती मान खाली घातली.

सभा संपल्यावर नसरीन जवळ आली. डोळे कोरडे होते तिचे.

"हे गावाला आधीच ठाऊक होतं, भैया," ती म्हणाली. "पारावरच्या पोरान्लाबी ठाऊक होतं. अब्बा असताना बोलायला पायजे होतं."

मग ती इतर पाहुण्यांना देत होती तसाच चहा तिनं माझ्याही हातात दिला. मी तो तिच्यासमोर उभा राहून प्यालो.