मधाचं बोट
मधाची बाटली उघडली की लेकीचं फेरेट आठवतं, मुंगसासारखं लांबुडकं, तिच्या स्वेटरच्या बाहीत झोपणारं. त्याच्या स्वादुपिंडात गाठी झाल्या होत्या. रक्तातली साखर उतरून ते कोसळलं की आम्ही हिरड्यांना मध चोळायचो. आम्ही तेव्हा जर्मनीत होतो; झिंडेलफिंगेन गावातल्या प्राण्यांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "ऑपरेशन की नुसत्या गोळ्या, तुम्ही ठरवा." मी गोळ्या निवडल्या आणि घरी सांगितलं, "डॉक्टरबाईच ऑपरेशन नको म्हणाल्या." खरं तर ते टेबलावरच जाईल ही भीती माझी होती. ते उन्हाळाभर मोजे पळवत मजेत जगलं. खोटं मात्र माझ्याजवळ राहिलं. इतक्या वर्षांनी, परवा चहा करताना, लेकीला सांगून टाकलं. ती हसली. 'तर मग'च्या जागी तिच्या तोंडी अजून जर्मनच येतं. "आल्झो, बाबा, दवाखान्याच्या कागदावर 'मालकाच्या इच्छेनुसार ऑपरेशन नको' याखाली तुझी सही होती. मी तेव्हाच वाचलं." "मग बोलली का नाहीस?" "मलाही गोळ्याच हव्या होत्या. तू ठरवलंस म्हणून मला ठरवावं लागलं नाही." मी तिच्या चहात मध जरा जास्तच घातला.