मधेच उठणारे बडे बाबू

कुठलंही आमंत्रण आलं की आमचे बडे बाबू डावा हात कोटाच्या आत घालून पोटावर ठेवायचे, डोळे अर्धवट मिटायचे आणि अस्सल इंदुरी थाटात म्हणायचे, "ह्याचा काय भरोसा, भिया?" आमंत्रण देणारा बिचारा तसाच उभा. मग डोळे उघडून पुरवणी जोडायचे, "मतलब, येईन मी. पण धरून चालू नका."

मध्य भारताचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. ते आमच्या कचेरीत हेडक्लार्क, आणि माझं टेबल त्यांच्या टेबलाला चिकटून. त्यामुळे त्यांच्या पोटाची बित्तंबातमी घरच्यांखालोखाल मला असायची. बेंबीखाली पिळवटून कळ यायची, कपाळावर घाम यायचा आणि मग उठावंच लागायचं. साहेबांना फाइल वाचून दाखवताना वाक्य अर्धवट टाकून निघून जाताना मी त्यांना पाहिलं आहे. परत आले की पुढच्या शब्दापासून वाचायला लागायचे. साहेबांनाही सवय झाली होती.

जुन्या इंदुरातल्या घरापासून कचेरीपर्यंतचा त्यांचा रस्ता सरळ नव्हता, तो ओळखीच्या घरांवरून जायचा. या गल्लीत मामेभाऊ, स्नेहलतागंजात शाळेतला मित्र, पुढे बायकोच्या मैत्रिणीचं घर. प्रत्येक ठिकाणी क्षणभर थांबून "काय, बरे आहात ना सगळे?" अशी चौकशी करत ते यायचे. लोकांना वाटायचं, काय हा माणूसवेडा माणूस! मला मात्र ठाऊक होतं की त्या प्रत्येक घराच्या मागल्या अंगणातली सोय त्यांनी आधी पाहून ठेवली आहे.

आणि इलाज सांगायला तर आख्खं इंदूर टपलेलं. कोणी हिंग गरम पाण्यातून, कोणी बेलाचा मुरंबा, कोणी इसबगोल. एका सहकाऱ्याने ताकावर राहायला सांगितलं, दुसऱ्याने ताकाचं नाव काढू नका म्हणून बजावलं. बडे बाबूंनी दोघांचंही ऐकलं. हे सगळे सल्ले गरम कचोरी खाता खाता दिले जायचे आणि ते कचोरीकडे न बघण्याचा प्रयत्न करत मान डोलवायचे.

आमची कचेरी थंडीत ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला, अशी वर्षातून दोनदा पेट्या बांधून हलायची. आम्हाला ती सहल होती. बडे बाबू आदल्या दिवसापासून उपाशी. गाडीत सगळे खिडकीसाठी भांडायचे, हे संडासाला लागून असलेल्या बाकावर आधीच रुमाल टाकून बसलेले. एकदा मी म्हटलं, "अहो, इथे वास येतो." ते शांतपणे म्हणाले, "वास चालेल भिया, रांग नाही चालणार."

असं हसतखेळत चाललेलं दिसे, पण आतून माणूस पोखरला होता. वडील पोटाच्याच दुखण्याने गेले होते, आणि आपलंही तेच आहे, आज ना उद्या, अशी त्यांनी खूणगाठ बांधली होती. त्याहून मोठी काळजी मुलीची. मुलगी लग्नाची झाली होती. चांगली स्थळं येत होती आणि हे काही ना काही खुसपट काढून परत पाठवत होते. एकदा मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "कन्यादानाला बसलो आणि मधेच उठावं लागलं तर? भरल्या मांडवात, पोरीचा हात सोडून? लोक काय म्हणतील तिला?" त्यांचा थोरला भाऊ त्यांच्या जागी बसायला तयार होता. "पण पोरगी माझी आहे ना," ते म्हणाले. त्या दिवशी मला त्यांची थट्टा करवली नाही.

शेवटी त्यांच्या बायकोने आणि मी मिळून त्यांना तुकोगंजातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. खरं तर ओढून नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, तपासण्या केल्या, पांढरं औषध पाजून पोटाचा एक्स-रे फोटो काढला. निकालाच्या दिवशी बडे बाबू चेहरा पाडून खुर्चीच्या कडेवर बसले होते.

"गाठ नाही, जखम नाही," डॉक्टर म्हणाले. "वडिलांचं जे होतं ते तुम्हाला नाही."

"म्हणजे वहमच आहे माझा. सगळे तेच म्हणतात."

"कोण म्हणतं? दुखतं ते खरंच दुखतं. आतडी फार हळवी आहेत तुमची. भीतीने जास्त बिघडतात. हे दुखणं तुम्हाला मारणार नाही, आणि पुरतं जाणारही नाही. वेळेवर जेवा, भीतीपोटी उपास करू नका, रोज चाला. आणि लपवत बसू नका. आधीच सांगून मोकळे व्हा."

बडे बाबूंनी रुमाल काढून डोळे पुसले. आजार जाणार नाही हे ऐकून इतका सुखावलेला माणूस मी त्यानंतर पाहिला नाही. बाहेर आल्यावर बायकोला म्हणाले, "ते परत पाठवलेलं देवासचं स्थळ, अजून आहे का गं?"

स्थळ होतं. व्याही म्हणजे देवासच्या जुन्या संस्थानी फौजेतले गृहस्थ, भरघोस मिशांचे, आवाज दणदणीत. बोलणी झाली आणि सुपारी फुटायच्या आधी बडे बाबूंनी घसा साफ केला. "माझी एक गोष्ट आहे. मला पोटाची तकलीफ आहे. कन्यादानाच्या टाइमाला कदाचित मधेच उठावं लागेल. तुम्हाला अपमान वाटला तर आत्ताच सांगा." व्याह्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "उठा की. आम्ही काय पळून चाललोय?"

लग्नाच्या दिवशी माळा पडल्या, वाजंत्री वाजली, कन्यादानाची तयारी झाली. बडे बाबू पाटावर बसले. मी त्यांच्याकडेच बघत होतो. घाम आला, ओठ आवळले गेले, आणि ते उठले. मांडवात कुजबूज सुरू झाली. थोरला भाऊ पुढे सरसावला, तसं त्यांच्या बायकोने त्याला हातानेच थांबवलं.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहेच. मुलीच्या बापाने हात जोडून बोलावल्याशिवाय वरपक्ष पानावर बसत नाही. या एका बोलावण्यावरून रुसवेफुगवे होऊन लग्नं नासलेली आपण पाहिली आहेत. आणि इथे व्याही एकदम उभे राहिले. "चला मंडळी, पानं वाढलीयेत. हमको तो भूक लगी है." त्यांच्याकडच्या एका म्हाताऱ्या काकांनी आठवण केली, "अरे, पण बोलावणं?" "बोलावणं गेलं खड्ड्यात. चला," असं म्हणून त्यांनी काकांचा दंड धरला. सगळं वऱ्हाड त्यांच्या मागे आणि आमचेही लोक त्या लोंढ्यात.

बडे बाबू हातपाय धुऊन आले तर मांडव रिकामा. भटजी, वधूवर, बायको, भाऊ आणि मी. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "व्याही रुसले का?"

"रुसतील कशाला? जेवायला बसलेत," बायको म्हणाली. "तुम्हाला निवांत बसता यावं म्हणून सगळ्यांना घेऊन गेले. बसा आता."

ते बसले. मुलीचा हात हातात घेतला. भटजींनी काही गाळलं नाही, काही घाई केली नाही. बघायला कोणी नव्हतं आणि त्यांना पुन्हा उठावं लागलं नाही. कन्यादान झालं तेव्हा बापलेक दोघंही रडत होते आणि मीही कोरडा नव्हतो. मग ते हात जोडत पंगतीत गेले. व्याह्यांनी त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि स्वतःच्या हाताने पानात भात वाढला, साधा, तुपाचा.

पुढे मध्य भारताचं राज्य मोडलं, कचेरी भोपाळला गेली. मी तिच्याबरोबर गेलो, त्यांनी पेन्शन घेतली. ते बरीच वर्षं जगले आणि म्हातारपणाने गेले. पोटाचा त्यात काही हात नव्हता. पण मला ते आठवतात ते एका दुपारचे, आणि त्या दुपारी ते तिथे नव्हतेच.

सुट्टीत इंदूरला आलो होतो, भेटायला त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं. "ते नाहीत हो भाऊजी. देवासला गेलेत व्याह्यांकडे. परवाच यायचे होते, पण राहिले."

"राहिले? आणि पोट?"

"ते कुठे जातंय? तेही गेलंय बरोबर."

वहिनींनी चहा केला. तो पिऊन मी निघालो. एखाद्याची भेट झाली नाही म्हणून इतक्या आनंदाने मी कधी परतलो नव्हतो.