डावा प्रसाद

माझा कंप्युटर देवाला मान्य नव्हता. हे मीच आधी सांगून टाकते, कारण आमच्या गावात ही बातमी माझ्याआधी डिचोलीच्या बाजारात पोचली होती.

त्याच बाजारातल्या एका छापखान्यात मी मराठी टायपिंग करायचे. मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा लागले, तो नोकरीला लागून पुण्याला गेला तरी तिथेच होते. लग्नपत्रिका, बाराव्याची कार्डं, जत्रांची हस्तपत्रकं, गावच्या नाटकांची पोस्टरं. आमच्या भागात जन्मापासून मरेपर्यंत माणसाचं नाव जितक्या वेळा कागदावर छापून येतं, त्यातलं निम्मं माझ्या बोटांखालून गेलं आहे. मग मालक थकले आणि मुलीकडे राहायला गेले. शटर खाली ओढायच्या दिवशी त्यांनी विचारलं, तुला काय हवं ते ने. मी स्क्रीन आणि कीबोर्ड मागितला. कंप्युटर मागितला नाही, तो माझ्याआधी म्हातारा झाला होता.

घरी बसले तर सगळ्यांना आनंद. "आतां तुका सूख," शेजारीण म्हणाली. हे सुख म्हणजे काय ते लवकरच कळलं. नवरा शाळेची बस चालवतो, त्याचा डबा सकाळी झाला की उरलेला दिवस गावाचा. कुणाकडे कार्य निघालं की वडे थापायला मी. कुणाची सून बाळंत झाली की दवाखान्यात सोबतीला मी. "तूं घरांतच आसा मगे!" छापखान्यात मी कामाची बाई होते, घरी आले तशी मी नुसती मदत झाले. मला ते मुळीच आवडलं नाही, आणि न आवडलेली गोष्ट गिळून गप्प बसायची सवय मला माहेरीही कुणी लावली नव्हती.

फोन मात्र वाजत होता. लाटंबार्सेहून एकाने मुलीच्या लग्नाची पत्रिका करशील का म्हणून विचारलं. हरमलला खोल्या भाड्याने देणाऱ्या एका बाईला दारावर लावायची पाटी हवी होती. दोघांनाही मी ठणकावून सांगितलं, करते, घरून करते. घरात यंत्राचा पत्ता नाही. बाजारात तुरी म्हणतात ते हेच, पण मला माझ्या तुरी दिसत होत्या.

मुलगा फोनवर म्हणाला, "आये, मोबायलार सगळें जाता." त्याला म्हटलं, बाबा, दाराच्या फटीतून लग्न बघता येतं, पण वाढता येत नाही. पत्रिका करायची तर अख्खं पान एका नजरेत दिसावं लागतं. मग म्हणाला लॅपटॉप घे. लॅपटॉप आम्ही घेतला होता, घरासाठी म्हणून. तो गेली कित्येक वर्षं त्याच्याच पाठीवर पुण्यात फिरतो आहे. मला घरातून न हलणारी वस्तू हवी होती. मोठा खोका मात्र नको. आमच्या सोप्यावर जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, एक छोटं मेज मावतं, आणि पलीकडच्या रस्त्याने मातीचे ट्रक जातात तेव्हा लाल धूळ सरळ आत येते. एखादा लहानसा, स्वस्त, फडक्याखाली झाकता येईल असा डबा मिळाला की माझं भागणार होतं.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आदीं देवाक विचारूया."

आमच्याकडे मोठं काही करायचं तर देवळात प्रसाद घेतात. पुजारी देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात आणि सगळे वाट बघत बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न, घर, विहीर, सगळं असंच विचारून होतं. कंप्युटरसाठी कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. पण नवरा उगाच आडवा येत नव्हता, हे मला माहीत होतं. त्याचं कारण कधीकाळी आमच्या अंगणात उभं होतं.

खाणी जोरात होत्या तेव्हा त्याने ट्रक घेतला. तेव्हाही प्रसाद घेतला होता. पाकळी लावता लावताच उजवी पडली, इतका देव राजी. आम्ही पेढे वाटले. पुढे खाणी बंद झाल्या आणि ट्रक अंगणात बसला. पहिल्या पावसाळ्यात नवरा त्यावर ताडपत्री घालायचा, दुसऱ्यात घालेनासा झाला. मी त्याच्या फाळक्यावर दुधीचा वेल चढवला, म्हटलं आयता मांडव आहे. एक दिवस भंगारवाला आला आणि तुकडे करून घेऊन गेला. त्या दिवशी नवरा जेवला नाही. देवाला त्याने एका शब्दाने दोष दिला नाही, यंत्राला दिला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हा ताकाचं भांडं बघूनच उठून जातो. मला त्याची कीव यायची. पण त्याच्या भीतीपायी मी जन्मभर वडे थापायचे, हे काही मला पटेना.

तरी गेलो देवळात. नवऱ्याच्या समाधानासाठी म्हणून गेले आणि आत जाताना मीच मनात उजवी, उजवी म्हणायला लागले. पुजाऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं: हे लेकरू घरात नवी मशीन आणू बघतं, तिची बरकत होणार असेल तर उजवी दे. देवाने फार वेळ घेतला नाही. डावी पडली.

नवऱ्याने सुटल्यासारखा श्वास सोडला. खरं सांगते, देवापेक्षा त्या श्वासाचाच मला जास्त राग आला. "जालें तर," म्हणत पुजारी तीर्थ द्यायला वळले.

"भटजी," मी म्हटलं, "ट्रकाक उजवो दिल्लो मगे हेणेंच?"

गाभाऱ्यात असं कुणी बोलत नाही. पुजारी तीर्थाची पळी घेऊन मागे वळले. "तेन्नाची वेळ वेगळी आशिल्ली," ते म्हणाले.

"मागीर आतांचीय वेगळीच." आणि मी देवाकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "देवा, तुजेर राग ना. पूण हांव हाडटलीं."

आणणार म्हणजे आणणार, असं देवाला तोंडावर सांगितलं तरी मी नास्तिक नाही. सोमवार करते, चतुर्थीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधते, जत्रेला अनवाणी जाते. पण ज्याचा होकार आमच्या अंगणात गंजला, त्याचा नकारही एकदा घरी नेऊन बघायला काय हरकत आहे, असं मला मनापासून वाटलं. देवाला बोलून दाखवावं इतकं आमचं नातं जवळचं आहे.

दुसऱ्या दिवशी एकटीच बस पकडून म्हापशाला गेले. दुकानातल्या विक्रेत्याने आधी माझ्या मागे बघितलं, मागे कुणी नव्हतं.

"कोणाक जाय, मॅडम? चल्याक?"

"म्हाका," मी म्हटलं. मुलाला नाही, मलाच.

त्याने गुलाबी झाकणाचा लॅपटॉप पुढे केला. मी मान हलवली. मग एक भला मोठा खोका दाखवला, आत हिरवे-तांबडे दिवे लुकलुकणारा, चतुर्थीच्या मखरासारखा. मी म्हटलं, "हांव आरती म्हणपाक येवंक ना." मला ऑफिसात असतो तसा लहान डबा हवा, दिवे नकोत, पंख्याचा आवाज नको, लवकर सुरू व्हायला हवा, चार पत्रिका एकदम उघडल्या तर झोपायला नको, आणि बिघडला तर तो इथेच दुरुस्त व्हायला हवा. तो हळूहळू माझ्याशी बोलायला लागला. तरी शेवटी विचारलंच, "मिस्टरांक एकदां दाखयतल्यो?"

"मिस्टर शाळेचीं भुरगीं व्हरतात," मी म्हटलं. "तांकां वेळ ना."

सगळ्यात खालच्या फळीवरून त्याने एक काळा डबा काढला. जत्रेतल्या खाज्याच्या मोठ्या पुड्याएवढा. किंमत माझ्या आवाक्यातली होती. माऊस फुकट घालायला लावला आणि येताना तो डबा बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईने विचारलं, "मिक्सर?" मी हो म्हटलं. सगळ्यांना सगळं सांगत बसायचा मला त्या दिवशी कंटाळा आला होता.

आणि घरी येऊन काय बघते? छापखान्यातल्या माझ्या जुन्या स्क्रीनच्या वायरीला रुंद निळं तोंड, आणि नव्या डब्याच्या मागे तसं भोकच नाही. इतकी वर्षं टायपिंग केलं, पण वायर जोडायला नेहमी मालक खाली वाकायचे. मी डबा उलटा केला, सुलटा केला, दिव्याखाली धरला. नवरा दारात उभा होता.

"पळे," डब्याकडे बोट करून तो हळूच म्हणाला. "प्रसाद फट जायना."

खोटा ठरत नाही म्हणे! मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. तो कुत्सितपणे बोलला असता तर मी भांडले असते. पण त्याच्या चेहऱ्यावर ट्रक नेला त्या दिवशीचाच रंग होता, तो माझ्यासाठी घाबरला होता. अशा माणसाशी भांडणार कसं? मी फडकं टाकून डबा झाकला आणि मुलाला फोन लावला. तो हसला. "आये, दोनशें रुपयांचो कन्व्हर्टर मेळटा. घे आनी लाय."

सकाळी परत म्हापसा. हातभर वायरीसाठी दोन बसेस. दुपारी जनेलाखालचा स्क्रीन उजळला. पहिल्यांदा मी माझंच नाव टाइप केलं, सगळ्यात मोठ्या अक्षरांत. पान भरून नाव. कुणाच्या लग्नात नाही, कुणाच्या बाराव्यात नाही, कुणाची पत्नी म्हणून कंसात नाही. बराच वेळ बघत राहिले आणि मग ते पुसून लाटंबार्सेची पत्रिका सुरू केली.

यंत्र चाललं म्हणजे प्रश्न सुटला असं मला वाटलं होतं. पण शेजारीपाजारी येऊ लागले. कुणाला अर्ज, कुणाला मुलाच्या वाढदिवसाचा फलक. "इल्लें करून दी गो." एवढंसंच म्हणे. मी पैसे सांगितले की चेहरा उतरायचा. "घरांत बसून करता, ताचे पयशे?" एकीने तोंडावर विचारलं. मी म्हटलं, छापखान्याच्या भिंती टाइप करत नव्हत्या बाई, मीच करत होते. ती उठून गेली आणि महिनाभर बोलली नाही. मला वाईट वाटलं. दर मात्र मी खाली आणला नाही.

मग एका संध्याकाळी पुजारी आले. पाकळी लावणारे तेच. जत्रा जवळ आली होती आणि समितीने हस्तपत्रकाचा मजकूर त्यांच्याकडे दिला होता: अभिषेक, पालखी, रात्री नाटक, आणि दुसऱ्या दिवशी पावणी, म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव. नवरा सोप्यावर चहा घेत बसला होता. पुजाऱ्यांनी कंप्युटरकडे एकदा बघितलं आणि नजर वळवली. 

मी मजकूर वाचला आणि पैसे सांगितले, छापखाना घ्यायचा तेवढेच.

"देवाचें काम," पुजारी हसून म्हणाले. "देवाच्या कामाक कसले पयशे?"

"छापखान्यांत दिताले मगे?"

"तो छापखानो. हें घर."

 देवाला उलटं बोलले होते, पण दारी आलेल्या पुजाऱ्याला, तेही जत्रेच्या तोंडावर, नाही म्हणायचं म्हणजे गावाला नाही म्हणायचं. नवऱ्याने कप खाली ठेवला. मला वाटलं, आता हा म्हणणार, करून दी गो, देवाचं आहे.

"भटजी," तो म्हणाला, "ट्रकाचो प्रसाद घेतलो तेन्ना हांवें तुमकां दक्षिणा दिल्ली. हिचो डावो पडलो, ताचीय दिल्ली. उजवो आसूं, डावो आसूं, काम तें काम."

आणि तो परत चहा पिऊ लागला. ट्रकाचं नाव भंगारवाला गेल्यापासून मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

 पुजाऱ्यांनी कनवटीचे पैसे काढून कीबोर्डच्या बाजूला ठेवले. मी ते उचलले आणि त्यांच्या समोर, एकेक नोट सुटी करून मोजून घेतले.