लाईट गेली नव्हती

मित्रांनो, दुपारपासून जीवाला लई लागलंय, म्हणून लिहितोय.

माजलगावजवळच्या एका साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्याशेजारी आमचा छोटा सर्व्हर आहे. बीडला बसून तो सांभाळता यावा म्हणून आज त्यावर नवं सॉफ्टवेअर टाकायला गेलतो. काट्याचं कामही त्यातल्याच एका व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणाऱ्या वेगळ्या कॉम्प्युटरवर चालतं. गाड्या थांबवायला न सांगताच मी सर्व्हर रीस्टार्ट केला. सर्व्हर सुरू झाला, काट्याची मशीन काही उठेना.

बाहेर बैलगाड्यांची रांग. भरल्या गाडीचे बैल रांगेत सोडताही येत नाहीत.

एक गाडीवाली बाई खिडकीशी आली. "साहेब, काटा कावून बंद हाय? लाईट गेली का?"

"हो," मी म्हणालो.

तिनं माझ्या डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याकडं बघितलं. परत गेली आणि बैलांच्या मानेला आराम मिळावा म्हणून नवऱ्यासोबत जुवाला खांदा देऊन उभी राहिली.

तासाभरानं काटा चालू झाला. तिची गाडी आली तेव्हा मी स्क्रीनमधून मान वर केली नाही.

"माझी चूक झाली" एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही म्हणाला असता का?

आता हे सगळं बीडहूनच करता येईल. तिथून ती खिडकी दिसत नाही.